‘जाते’ म्हणताना जीभ अडते तेव्हा

पत्र असं आहे: वय 31, देवगड तालुक्यातलं गाव, कणकवलीत पतसंस्थेत नोकरी. जन्मापासून कागदोपत्री मुलगी. ‘स्वतःला बाई म्हणवत नाही आणि पुरुष व्हायचंही नाही. नॉन-बायनरी हा शब्द दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर वाचनात आला. दिवसा वाटतं, हेच ते. रात्री वाटतं, रील बघून डोक्यात भरलंय. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं आणि पाचही दिवस लग्नाचा विषय. तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही, ऑफिसात आकडे चुकतात. छाती सपाट दिसावी म्हणून सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत क्रेप बँडेज बांधणं चालू आहे. हा मानसिक आजार आहे का? डॉक्टरकडे जावं तर गावभर होईल. घरात सांगावं का? गंमत म्हणजे घरी मालवणीत “मी जातंय” म्हणताना काही होत नाही, ऑफिसात “मी जाते” म्हणताना जीभ अडते. आणि भाऊबीजेला मुंबईहून भाऊ येतोय. ताट हातात घेतलं की पोटात गोळा येतो, त्याचं काय करू?’

सगळ्यात आधी ते बँडेज. बाकीचे प्रश्न आठवडाभर थांबतील, हा नाही.

क्रेप बँडेज मुरगळलेल्या घोट्यासाठी असतं. घोटा श्वास घेत नाही, छाती घेते. प्रत्येक श्वासाला बरगड्या फुगतात, ताणलेलं कापड त्यांना आत ओढतं. दिवस चढेल तसे वेढे सरकून एकावर एक गोळा होतात, त्यामुळे सकाळी सैल वाटलेलं बँडेज संध्याकाळी दोरीसारखं रुततं. बरगडीत कळ, पाठदुखी, जिना चढताना धाप, हाताला मुंग्या, हे सगळं त्यातूनच येतं. छाती बांधणाऱ्या 1,800 लोकांची एक पाहणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या 97 टक्क्यांना काही ना काही शारीरिक त्रास झालेला होता. आठवड्यातून किती दिवस बांधता याच्याशी त्रासाचा संबंध सगळ्यात सातत्याने दिसला. बांधल्याने मनाला बरं वाटतं, हेही त्याच लोकांनी सांगितलं. म्हणून ‘बांधूच नका’ असं आम्ही म्हणणार नाही. बँडेज मात्र आज सोडा.

त्याऐवजी मापाचा बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून शिवलेलं बनियन, घ्या, नाहीतर चांगली घट्ट बसणारी स्पोर्ट्‌स ब्रा. शिलाईच्या टेपने छातीचा सगळ्यात रुंद भाग मोजा. टेप आवळू नका आणि श्वास रोखून धरू नका. एक माप लहान मागवण्याचा मोह होतो, तो आवरा. पोचल्यावर घालून बघा: जांभई पूर्ण देता आली पाहिजे. अर्ध्यात अडली तर परत पाठवा. दिवसाला 8 तासांची मर्यादा धरा, झोपताना आणि सर्दीखोकल्यात घालू नका, आठवड्यातले किमान दोन दिवस मोकळे ठेवा. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा, की संस्थेचं शटर खाली आलं की बाथरूममध्ये बाइंडर काढायचा, वर जाड सुताचा, दोन खिशांचा शर्ट घालायचा आणि मग एसटी पकडायची. खिशांची दुहेरी घडी बरंच काम करते. छाती लपवायला पोक काढून बसू नका, त्याने मान आणि पाठ दोन्ही जातात.

आपल्या हवेचा एक वेगळा ताप आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम वाळतच नाही आणि घट्ट कपड्याखाली गोल, लालसर, कडेला उठावदार चट्टे येतात. तो नायटा. मेडिकलमध्ये ‘खाज येते’ म्हटलं की बरेचदा स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब हातात पडते. दोन दिवस खाज थांबते आणि मग चट्टा दुप्पट पसरतो, कारण स्टेरॉइड खाज दाबतं, बुरशीला मोकळं रान देतं. त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. दोन बाइंडर ठेवा, आलटून पालटून धुवा आणि शक्यतो उन्हात वाळवा. ओला बाइंडर अंगावर वाळेल म्हणून घालणं हे चट्ट्याला आवतण.

आता तुमचा मोठा प्रश्न. आजार आहे का? तुम्ही एका पोत्यात दोन गोष्टी भरल्या आहेत. त्या आधी वेगळ्या काढू.

स्वतःला बाई किंवा पुरुष यांपैकी कशातच न धरणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-11, 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. जन्मनोंद आणि स्वतःची जाणीव यांच्यातली तफावत त्या यादीत मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे, ती केवळ उपचार मिळण्याची वाट बंद होऊ नये म्हणून. आपल्याकडचा 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही कलम 3 मध्ये सांगतो, की समाजात रूढ असलेल्या नैतिक किंवा सांस्कृतिक मूल्यांशी जुळत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

पहाटे तीनला उघडणारे डोळे, अन्नावरून उडालेली वासना, चुकणारे आकडे ही दुसरी गोष्ट. ही नैराश्याची लक्षणं असू शकतात आणि नैराश्याला उपचार आहेत. या दोन्हींचा संबंध कसा, तर ओळख हे नैराश्याचं कारण नसतं. ती सतत झाकून ठेवण्याचे, समोरचा काय म्हणेल याचा आधीच हिशोब करण्याचे, आणि ऐकलेले टोमणे स्वतःलाच मारण्याचे श्रम माणसाला पोखरतात. संशोधक इलन मायर यांनी 2003 मध्ये समलैंगिक लोकांच्या संदर्भात ही मांडणी केली. पुढे 2012 मध्ये हेंड्रिक्स आणि टेस्टा यांनी ती ट्रान्स आणि लिंगभावाच्या चौकटीत न बसणाऱ्या लोकांसाठी वाढवली. तुमच्या पत्रातली ‘दिवसा वाटतं हेच ते, रात्री वाटतं नाही’ ही ओढाताण त्यातलीच. रात्रीची शंका दिवसाच्या जाणिवेपेक्षा जास्त खरी नसते. झोप न झालेल्या मेंदूतून ती निघते इतकंच.

नैराश्य तपासायची पीएचक्यू-9 नावाची 9 प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. गेल्या 2 आठवड्यांत कुठला त्रास किती दिवस झाला, त्याप्रमाणे प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण. एकूण 27. बेरीज 10 किंवा जास्त आली तर डॉक्टरांना भेटायचं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बाकी बेरीज कितीही कमी असो, तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायचं. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास चालू, मोफत, मराठीत. प्रश्नावली सणाच्या आठवड्यात भरू नका, साध्या आठवड्यात भरा. आणि सोबत हिमोग्लोबिन, बी-12 आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. थायरॉइड मंदावलं की माणूस हुबेहूब नैराश्यात असल्यासारखं वागतं. ते न बघता गोळ्या सुरू करणं म्हणजे गळकं कौल न शोधता खाली बादल्या मांडणं.

डॉक्टर कुठले? गावभर होण्याची भीती खोटी नाही. तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचाराच्या बाकावर बसलं की शेजारी मामाचा चुलतभाऊ निघतोच. पण सिंधुदुर्गातली माणसं मोठ्या दुखण्याला गोव्यात बांबोळीला जातातच. तिथे मानसोपचाराची स्वतंत्र संस्था आहे आणि ‘बांबोळीला दाखवायचंय’ म्हटल्यावर कुणी खोलात शिरत नाही. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नावाला बिचकू नका, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात झोप उडालेली साधी माणसंही येतात. ऑनलाइन भेट घ्यायची असेल तर जागा आधी ठरवा. कौलारू घराच्या भिंती छतापर्यंत जात नाहीत, माजघरातलं पडवीत ऐकू येतं. बागेतला मांगर, म्हणजे खोपटं, बरा. मोबाइलची रेंज आदल्या दिवशी तिथे जाऊन बघा, इअरफोन लावा.

वेळ घेण्याआधी फोनवर दोनच गोष्टी विचारा: ‘लिंगभावाच्या प्रश्नावर तुम्ही आधी काम केलंय का?’ आणि ‘माझ्या परवानगीशिवाय घरच्यांना काही सांगणार नाही ना?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कायद्याने ‘नाही सांगणार’ असंच असायला हवं. त्याच 2017 च्या कायद्याचं कलम 23 गोपनीयतेचं आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुमची माहिती तुमची. आत गेल्यावर पहिल्या दोन मिनिटांत झोप, जेवण, काम यांबद्दल सांगा, तारखांसकट. ओळखीबद्दल एक वाक्य पुरे: ‘मी स्वतःला बाई किंवा पुरुष मानत नाही. ते बदलायला आलेलं नाही. झोप आणि भूक परत यावी यासाठी आलंय.’ हे वाक्य नाही सांगितलं तर डॉक्टर चुकीच्या जागी खणत बसतात, आणि फक्त हेच सांगितलं तर झोपेचं राहून जातं.

‘लग्न झालं की जाईल’ असं म्हणणारा डॉक्टर तुमचा नाही. ओळख ‘सरळ’ करायला हार्मोन, शॉक किंवा समुपदेशन सुचवणारा तर मुळीच नाही. अशा तथाकथित उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. नैराश्याच्या गोळ्या मिळाल्या तर त्यांचा गुण दिसायला साधारण 2 ते 4 आठवडे जातात, कधी 6. पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते आणि लोक तिथेच सोडतात. सोडायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून, उतरवत उतरवत.

आता व्याकरण. पत्रातला हा भाग बारका वाटला तरी तुमच्या दिवसातला सगळ्यात जास्त त्रास बहुधा इथेच साठतो.

मराठीत ‘मी’ म्हटलं की पुढचं क्रियापद तुमचं लिंग विचारतं. दिवसाला शंभर वेळा. इंग्रजीत ‘आय’ म्हणणाऱ्याला हा जाच नाही, त्यामुळे तिकडच्या सल्ल्यांत सगळा भर दुसऱ्याने तुम्हाला काय म्हणावं यावर असतो. आपल्याकडे काटा स्वतःच्याच तोंडात आहे. मालवणीत तो तिथे नाही, ‘मी जातंय’ बाप्याचंही आणि बाईचंही. म्हणून घरी सुटका वाटते. हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत, भाषेच्या बांधणीचा परिणाम आहे. तुम्ही तो स्वतः पकडलात, हे फार चांगलं.

प्रमाण मराठीतही वाटा आहेत. भविष्यकाळ मोकळा आहे: ‘मी येईन’, ‘मी येणार’. वर्तमानकाळातला नकार मोकळा: ‘मी येत नाही’. लेखी चालू काळ मोकळा: ‘थकबाकीची यादी पाठवत आहे’. भूतकाळात कर्म असेल तर क्रियापद कर्मामागे जातं: ‘मी व्हाउचर तपासलं’, ‘मी चहा घेतला’. ‘मी बोलले’ याऐवजी ‘मी सांगितलं’. ‘मी उशिरा आले’ याऐवजी ‘मला उशीर झाला’. ‘मी विसरले’ याऐवजी ‘माझ्या लक्षातून गेलं’. ‘आम्ही गेलो’ सगळ्यांचंच. समोरच्याने ‘तुम्ही आलात’ म्हटलं की लिंग गळून पडतं, ‘तू आलीस’ म्हटलं की चिकटतं. म्हणजे ऑफिसात कुणाला काही न सांगता एवढं मागता येतं: ‘कामाच्या ठिकाणी सगळे एकमेकांना तुम्ही म्हणू या.’ यात कुणाला वावगं वाटत नाही.

पण सगळी वाक्यं दिवसभर अशी वळवत बसाल तर तेही दमवणारंच आहे. जिथे सगळ्यात जास्त टोचतं तेवढ्या चारपाच जागा पक्क्या करा, उदाहरणार्थ सकाळी शाखेत शिरतानाचं वाक्य, फोन उचलतानाचं वाक्य. बाकी ठिकाणी ‘जाते’ निघालं तर निघू दे. त्याने तुमची ओळख खोटी ठरत नाही. ‘ते आलं’ असं नपुंसकलिंग स्वतःला लावावं का, हा ज्याचा त्याचा कल. चेडू, म्हणजे मुलगी, हा शब्दच नपुंसकलिंगी असलेल्या मुलखात ते कानाला गोड लागू शकतं. घाटावर मात्र ‘ते ध्यान’ यातला ‘ते’ ऐकू येतो.

रीलच्या शंकेबद्दल. शब्द रीलमधून आला, हे खरंच आहे. मधुमेह हा शब्दही लोकांना डॉक्टरकडूनच कळतो, साखर आधीपासून वाढलेली असते. मात्र एक सावधगिरी आम्ही सांगू, जी रीलवाले सांगत नाहीत. चुलीपाशी बसून बारा जणांना वाढणं, हळदीकुंकवाला नटणं, गौरीच्या ओवशाचं सूप या सगळ्याचा राग येणं एवढ्यावरून कुणी नॉन-बायनरी ठरत नाही. तो राग कितीतरी बायकांना येतो आणि त्या बायकाच असतात. तुमचं त्यातलं काय आहे ते बघायला 15 दिवस एक वही ठेवा. एका प्रसंगाला एक ओळ: काय झालं, अंगात कुठे जाणवलं, 0 ते 10 मध्ये किती. त्यापुढे एक खूण करा: शरीरावरून टोचलं, लोकांच्या बोलण्यावरून टोचलं, की नुसतं कामाचं ओझं. हलकं वाटलं ते क्षणही तितक्याच काटेकोरपणे लिहा. केस कापल्यावर, कुणी नुसत्या आडनावाने हाक मारल्यावर, शर्टाची बाही दुमडताना. लोक त्रासच लिहितात आणि वही म्हणजे तक्रारींचं दप्तर होतं. ओळख बरेचदा हलकं वाटण्याच्या जागी जास्त स्पष्ट दिसते. रात्री दहानंतर वही उघडायची नाही. आणि शेवटी उत्तर ‘माहीत नाही’ आलं तरी शब्द वापरता येतो. नंतर बदलला तर दंड नाही.

घरात सांगायचं का? झोप परत आल्यावर, आणि सण नसताना. एकाच माणसाला. कुणाला, तर ज्याने तुमचं आधीचं एखादं गुपित पोटात ठेवलंय त्याला, मग ती आई नसली तरी चालेल. त्याआधी पगाराचं खातं, आधारला जोडलेला मोबाइल नंबर आणि शैक्षणिक कागद तुमच्या ताब्यात हवेत, आणि 3 महिन्यांचा खर्च बाजूला हवा. काही घरांत रडारडीपलीकडे काही होत नाही, पण हा बंदोबस्त असला की सांगताना आवाज कापत नाही. नॉन-बायनरी शब्दाने सुरुवात करू नका, अर्धा तास त्या शब्दातच जाईल. असं काही: ‘मला लग्न नको हे तुला माहीत आहे. त्याचं कारण सांगायचंय. मला स्वतःला बाई म्हणवत नाही. पुरुषही व्हायचं नाही. तुझ्या वाढवण्यात काही चुकलेलं नाही. तू आत्ता एकच कर, पाहुण्यांनी स्थळाचा विषय काढला की तो मोड.’ मागणी एकच ठेवा आणि ती करता येण्यासारखी ठेवा. ‘मला समजून घे’ ही मागणी नव्हे, त्यावर कुणाला काय करावं ते कळत नाही. ‘म्हणजे तू दशावतारातल्या स्त्रीपार्टीच्या उलट का गो?’ असा प्रश्न येऊ शकतो. हसू नका, चिडू नका. स्त्रीपार्टी नट, म्हणजे बाईचं सोंग घेणारा पुरुष, सकाळी रंग पुसतो आणि घरी जातो, तुम्हाला रोज सकाळी रंग चढवावा लागतोय. हे उत्तर कोकणात पटकन कळतं.

कागदपत्रांची घाई नको. 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि 2019 मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. पण त्यातल्या ओळखीच्या प्रमाणपत्राचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो आणि जिल्हा लहान आहे. पुढे कधी ठरवलंत तर त्या वेळी लागू असलेले नियम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारून घ्या. कागदावर तुमची नोंद स्त्री असल्यामुळे तिथली मदत तुम्हाला मोफत मिळते, हा एक विनोदच.

आणि भाऊबीज. तुमच्या पोटात गोळा नेमका कशाने येतो, ओवाळण्याने की एकट्यानेच ओवाळण्याने, ते आधी वहीत लिहून बघा. भावावर माया असेल तर बहुधा दुसरं. मग असं करा: एक पाट जास्त मांडा. भाऊ बसला की नेहमीसारखं ओवाळा. मग ताम्हन त्याच्या हातात द्या, स्वतः पाटावर बसा आणि म्हणा, ‘आता तू.’ कारण सांगू नका, विचारलं तर ‘यंदा माझीही आरती हवी’ एवढंच. मुंबईहून आलेल्याला असल्या गोष्टींचं फारसं नवल नसतं. आई काही बोलली तर निरांजन विझायच्या आत उरकायचंय म्हणा. पाकीट त्याच्यासाठीही आणून ठेवा, म्हणजे देणंघेणं दोन्ही बाजूंनी होईल. शर्ट दोन खिशांचाच घाला.